उघडी वही आणि सात वर्षे : क्रोएशियन विकिपीडियाची गोष्ट

१/
सप्टेंबर २०१३. क्रोएशियाचे शिक्षणमंत्री झेल्यको योवानोविच यांनी देशातील विद्यार्थ्यांना एक विलक्षण सल्ला दिला. आपल्या मातृभाषेतील विकिपीडिया वापरू नका. त्यातील मजकूर संशयास्पद आहे, त्यापेक्षा इंग्रजी विकिपीडिया पाहा, असा त्याचा आशय होता. स्वभाषेतील ज्ञानकोशापासून मुलांनी दूर राहावे, असे खुद्द शिक्षणमंत्र्यांना का सांगावे लागले? त्याची ही हकीकत.

२/
या ज्ञानकोशावर कोणत्याही सरकारने ताबा मिळवला नव्हता आणि बाहेरून कोणी तो फोडलाही नव्हता. समुदायानेच ज्यांच्या हाती राखणीचे अधिकार सोपवले होते, अशा मोजक्या स्वयंसेवकांनी तो हळूहळू आपल्या मुठीत घेतला. म्हणून ही कथा जितकी क्रोएशियाची, तितकीच ती एका जुन्या प्रश्नाची आहे : राखणदाराकडून हिशोब कोणी मागायचा, आणि एकदा उडालेला विश्वास परत कसा आणायचा?

३/
प्रथम पार्श्वभूमी. १० एप्रिल १९४१ रोजी, नाझी जर्मनी आणि फॅसिस्ट इटलीच्या आश्रयाने, ‘स्वतंत्र क्रोएशिया राज्य’ घोषित झाले. सत्ता आंते पावेलिच याच्या उस्ताशा संघटनेकडे गेली. काही आठवड्यांतच वंशभेदी कायदे आले. ऑगस्ट १९४१ मध्ये सावा नदीकाठी यासेनोवात्स येथे छळछावण्यांचा समूह उभा राहिला आणि तो एप्रिल १९४५ पर्यंत चालला. सर्ब, ज्यू, रोमा आणि फॅसिझमविरोधी क्रोएट यांची तेथे हत्या झाली.

४/
यासेनोवात्समधील मृतांचा आकडा हा पुढे राजकारणाचा विषय झाला. कम्युनिस्ट युगोस्लाव्हियात ७ लाखांचा आकडा अधिकृत म्हणून सांगितला जाई. तो अतिशयोक्त होता. त्याची प्रतिक्रिया म्हणून दुसऱ्या टोकाचे लोक ही केवळ ‘श्रमछावणी’ होती असे म्हणू लागले. तेथील स्मारक संस्थेने यातून मार्ग काढला तो नावे गोळा करून. आज त्या यादीत ८३,१४५ नावे आहेत. अमेरिकेतील होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयाचा अंदाजही ७७,००० ते ९९,००० असाच आहे.

५/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. फुगवलेला आकडा आणि नाकारलेला गुन्हा या दोन्ही गोष्टी मृतांवर अन्यायच करतात. नावांची यादी मात्र तपासता येते. त्यात भर घालता येते, चूक सापडली तर दुरुस्तीही करता येते. ज्याची छाननी करता येते तेच टिकते, हे तत्त्व लक्षात ठेवावे. पुढे ज्ञानकोशाच्या कारभाराबाबतही तेच कामी येणार आहे.

६/
क्रोएशियन विकिपीडिया फेब्रुवारी २००३ मध्ये सुरू झाला. दहा वर्षांनी वृत्तपत्रांनी त्याकडे बारकाईने पाहिले, तेव्हा यासेनोवात्सचे वर्णन ‘संकलन व श्रमछावणी’ अशा सौम्य शब्दांत केलेले आढळले. उस्ताशा राजवटीचे गुन्हे पुसट केलेले होते आणि फॅसिझमविरोधी चळवळीविषयीच्या मजकुरात विखार होता. झाग्रेब विद्यापीठातील इतिहासकार स्निएझाना कोरेन यांनीही असे लेख पक्षपाती ठरवले.

७/
विकिपीडिया कोणालाही संपादित करता येतो, मग चुकीचा मजकूर टिकला कसा? याचे उत्तर प्रचालकांच्या अधिकारांत आहे. प्रचालक हा समुदायाने निवडलेला, विनामानधन काम करणारा सदस्य. त्याला तीन महत्त्वाचे अधिकार मिळतात : लेख वगळणे, लेख कुलूपबंद करणे आणि सदस्याला संपादनापासून रोखणे. खोडसाळपणा आवरण्यासाठी हे अधिकार अत्यावश्यक आहेत. पण खोडसाळ कोण, हे ठरवणाराही प्रचालकच असतो.

८/
हा पेच विकिपीडियापेक्षा जुना आहे. त्यासाठी वीस वर्षे मागे, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे जावे लागेल. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील पावेल कर्टिस यांनी १९९० च्या सुमारास ‘लॅम्डामू’ नावाचे, केवळ शब्दांनी उभारलेले एक आभासी घर सुरू केले. दूरदूरचे लोक संगणकावरून त्या घरात येत, गप्पा मारत, नव्या खोल्या रचत. व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना तेथे ‘विझर्ड’, म्हणजे जादूगार, म्हणत.

९/
सदस्यांची भांडणे सोडवता सोडवता जादूगार थकले. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले की यापुढे जादूगार फक्त यंत्रणा सांभाळतील. सामाजिक निर्णय समाजाने स्वतःच घ्यावेत. हेतू उदार होता. पण निर्णय घेण्याची कोणतीही रीत समाजाला घालून दिलेली नव्हती. गावातून पाटील निघून जावा आणि त्याच्या मागे पंचायतही नसावी, तशी ही अवस्था झाली.

१०/
मार्च १९९३ मध्ये त्याची किंमत मोजावी लागली. एका सदस्याने एक छोटा प्रोग्रॅम वापरून, भरल्या दिवाणखान्यात, इतर पात्रांच्या नावे लैंगिक हिंसेची वर्णने पडद्यावर आणली. ज्या सदस्यांची ती पात्रे होती, त्यांच्यावर झालेला आघात खरा होता. काही दिवसांनी सभा भरली, तासन्‌तास वाद झाला, निर्णय मात्र झाला नाही. सभा पांगल्यावर एका जादूगाराने कोणालाही न विचारता त्या सदस्याचे खाते पुसून टाकले.

११/
शिक्षा बहुतेकांना योग्यच वाटली असेल. पण ती दिली एकट्याने, कोणत्याही नियमाशिवाय. त्यानंतर कर्टिस यांनी सदस्यांसाठी अर्ज आणि मतदान यांची पद्धत घालून दिली. तीही पुरी पडली नाही. मे १९९६ मध्ये जादूगारांनी उघडपणे कबूल केले की तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय वेगळे काढता येत नाहीत. आपण सत्ता सोडल्याचे म्हटले, तरी ती आपल्याच हाती राहिली होती.

१२/
या प्रयोगातून एक धडा स्पष्ट झाला. ज्याच्या हाती कळ आहे त्याने ‘मी केवळ तंत्रज्ञ’ असे म्हटल्याने त्याची जबाबदारी संपत नाही. सत्ता नाकारण्यापेक्षा ती मान्य करून तिला नियम, नोंद आणि अपील यांच्या चौकटीत बसवणे अधिक प्रामाणिक ठरते. २००१ मध्ये जन्मलेल्या विकिपीडियाला ही चौकट टप्प्याटप्प्याने घडवावी लागली.

१३/
इंग्रजी विकिपीडियावर आरंभी अंतिम शब्द संस्थापक जिमी वेल्स यांचा असे. डिसेंबर २००३ मध्ये त्यांनी लवाद समितीची घोषणा केली आणि २००४ पासून समितीचे कामकाज सुरू झाले. प्रचालकाविरुद्धची तक्रार ऐकून त्याचे अधिकार काढून घेण्याची सोय त्यामुळे झाली. न्याय दर वेळी अचूक झाला असे नव्हे. पण दाद कुठे मागायची, हे ठाऊक असलेले एक ठिकाण निर्माण झाले.

१४/
या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. जुलै २००६ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ने एका प्रतिष्ठित सदस्याची ओळख धर्मशास्त्राचे प्राध्यापक अशी करून दिली. तो चोविशीतला, पदव्या नसलेला तरुण आहे, हे २००७ च्या आरंभी उघड झाले. तोवर तो लवाद समितीवरही नेमला गेला होता. गदारोळ झाला आणि मार्च २००७ मध्ये त्याला पदे सोडावी लागली. दोष उघड झाल्यापासून तो पायउतार होईपर्यंत फार काळ गेला नाही.

१५/
आता पुन्हा क्रोएशियाकडे. युगोस्लाव्हिया फुटल्यावर भाषाही राजकीय सीमांनुसार वेगळ्या मानल्या जाऊ लागल्या. परस्परांना सहज समजणाऱ्या या बोलींचे चार विकिपीडिया झाले : सर्बो-क्रोएशियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि सर्बियन. प्रत्येकाचा समुदाय इंग्रजीच्या तुलनेत छोटा. भिन्न मतांची माणसे चार घरांत विभागली गेली आणि एकेका घरात एकमताच्या गटाला वरचढ होणे सोपे गेले.

१६/
सापळा असा तयार होतो. एखादा सदस्य लेखातील चूक दाखवतो. प्रचालक त्याला ‘उपद्रवी’ ठरवून रोखतो. पुढे प्रचालकाच्या पदच्युतीचा प्रस्ताव येतो, तेव्हा रोखलेल्या सदस्याला मत देता येत नाही. कंटाळून निघून गेलेले तर मतदानाला फिरकतही नाहीत. मागे उरतात ते मुख्यतः समर्थक. निवडणूक रीतसर होते, नियमांचे पालन होते, आणि तरीही निकाल आधीच ठरलेला असतो. ज्याच्या हाती शिक्षा, त्याच्याच हाती मतदारयादी.

१७/
२०१३ च्या गदारोळानंतर हा प्रश्न विकिमीडियाच्या जागतिक चर्चापीठावर गेला. तक्रारी आल्या, उदाहरणे मांडली गेली, पानेच्या पाने भरली. प्रत्यक्षात फारसे काही बदलले नाही. यामागचे कारण निव्वळ आळस नव्हता. प्रत्येक भाषेचा समुदाय स्वायत्त आहे, बाहेरच्यांनी त्याच्या कारभारात हात घालू नये, हे तत्त्व सर्वांनाच प्रिय होते.

१८/
त्या तत्त्वाची बाजूही समजून घेतली पाहिजे. छोट्या भाषांना मोठ्या भाषांच्या दडपणाचा अनुभव असतो. अमेरिकेत बसलेल्या कोणी आपल्या भाषेतील लेख कसे असावेत हे ठरवावे, ही कल्पना मराठी वाचकालाही रुचणार नाही. पण स्वायत्तता समुदायाची असते, त्याच्या प्रचालकांची नव्हे. ज्या समुदायातून असहमत सदस्यच हाकलले गेले, त्याच्या नावाने बोलण्याचा अधिकार उरलेल्या मोजक्यांना कसा मिळतो, हा प्रश्न सात वर्षे लोंबकळत राहिला.

१९/
सात वर्षे म्हणजे किती? २०१३ मध्ये अकरा वर्षांचा असलेला विद्यार्थी २०२० मध्ये मतदार झाला. या काळात शाळेच्या प्रकल्पासाठी त्याने ‘यासेनोवात्स’ हा शब्द शोधला असेल, तर त्याला काय वाचायला मिळाले असेल? मंत्र्यांचा इशारा एका दिवसाची बातमी होऊन गेला. ज्ञानकोश मात्र रोज उघडला जात होता. जबाबदारी निश्चित करण्यातील दिरंगाईचे मोल नेहमी असे तिसऱ्याच कोणाला द्यावे लागते.

२०/
अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक समुदायाने प्रदीर्घ चर्चेअंती एका प्रमुख प्रचालकावर सर्वच विकिमीडिया प्रकल्पांतून बंदी घातली. पुढील काही महिन्यांत त्या गटातील आणखी काही जणांचे अधिकार गेले. पहिला दगड निखळताच भिंत भराभर ढासळली. भीतीपोटी किंवा निराशेपोटी गप्प बसलेल्यांना, बोलून उपयोग होतो, हे प्रथमच दिसले.

२१/
विकिमीडिया फाउंडेशनने एका बाहेरच्या तज्ज्ञाकडून या प्रकरणाचा अभ्यास करवून घेतला आणि तो अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. तज्ज्ञाचे नाव मात्र गुप्त ठेवले. निष्कर्ष कठोर होता : निदान २०११ पासून २०२० पर्यंत एका लहान गटाने प्रकल्पावर कब्जा ठेवला होता, राष्ट्रवादी आग्रहापोटी मजकुराचा विपर्यास केला होता आणि उस्ताशांचे गुन्हे सौम्य करून मांडले होते. वर्चस्व टिकवण्यासाठी बनावट खात्यांचा वापर झाल्याचेही त्यात नोंदवले गेले.

२२/
हा अहवाल प्रसिद्ध होणे हे विश्वास परत मिळवण्याच्या कामातील मोठे पाऊल होते. माणसे गुपचूप हटवली असती, तर ‘आमच्याविरुद्ध कारस्थान झाले’ असे म्हणायला जागा राहिली असती. काय घडले, कसे घडले आणि रोखता का आले नाही, हे लिहून सर्वांपुढे ठेवल्यावर वाद करायचा तर पुराव्यांवर करावा लागतो. पदच्युतीने अन्याय थांबतो. तो मान्य करण्याचे काम जाहीर निवेदनच करू शकते.

२३/
त्यानंतरचे काम कमी नाट्यमय आणि अधिक कष्टाचे. नव्या प्रचालकांची निवड, वादग्रस्त लेखांचे पुनर्लेखन, जुन्या बंदीआदेशांचा फेरविचार. दूर गेलेला सदस्य घोषणा ऐकून परत येत नाही. तो एक दुरुस्ती करून पाहतो. ती टिकली तर दुसरी करतो. विश्वास अशा छोट्या छोट्या अनुभवांच्या साठ्यातून पुन्हा तयार होतो, आणि त्याला वेळ लागतो.

२४/
याच सुमारास जागतिक पातळीवरही नियम आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्व विकिमीडिया प्रकल्पांसाठी एक सामायिक आचारसंहिता जाहीर झाली; अधिकारपदाचा गैरवापर हा त्यात स्पष्टपणे दोष मानला आहे. तिच्या अंमलबजावणीची मार्गदर्शक तत्त्वे मतदानाला टाकली गेली, आक्षेपांनंतर दुरुस्त झाली आणि २०२३ मध्ये मंजूर झाली. २०२४ मध्ये देखरेखीसाठी समितीही निवडली गेली. स्थानिक वाटा बुजल्या, तर दाद मागायला आता एक वरची पायरी आहे.

२५/
इतिहासाच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत लक्षवेधी गोष्ट वेगळीच आहे. विपर्यास करणाऱ्यांना आपल्या कृतींचा माग पुसता आला नाही. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखामागे त्याच्या सर्व आवृत्त्या जपलेल्या असतात : कोणत्या खात्याने, कोणत्या क्षणी, कोणता शब्द बदलला. प्रचालकाने कोणाला, कधी, काय कारण देऊन रोखले, याचीही नोंद राहते. अभ्यासकांना हवा असलेला बराच पुरावा त्या वहीत आधीपासूनच होता.

२६/
पण ही वही २०१३ मध्येही उघडीच होती, हे विसरता कामा नये. पारदर्शकता असली की उत्तरदायित्व आपोआप येते, हा समज येथे खोटा ठरला. नोंद वाचणारा हवा, वाचून प्रश्न विचारणारा हवा, आणि त्या प्रश्नावर निर्णय देण्याचा अधिकार असलेली, आरोपीपासून अलिप्त अशी संस्था हवी. या तिन्हींपैकी तिसरी गोष्ट नसल्यामुळे सात वर्षे गेली.

२७/
मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. क्रोएशियन विकिपीडियाचा तो समवयस्कच. त्याच्या सामूहिक चर्चेच्या पानाचे नाव ‘चावडी’ आहे. गावकारभाराची ती जुनी जागा. चारचौघांच्या देखत बोलणे झाले की शब्द फिरवणे अवघड जाते. मात्र चावडी गावाची राहायची, तर तेथे गाव हजर असावे लागते. ओस पडलेल्या चावडीवर जो बसेल, त्याचाच कारभार.

२८/
प्रत्येक मराठी लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ असा एक दुवा असतो. बहुतेक वाचक त्याकडे दुर्लक्ष करून पुढे जातात. क्रोएशियात जे हरवले आणि जे परत मिळाले, ते दोन्ही त्या दुव्यामागे साठलेले होते. एखादा वादग्रस्त लेख वाचून संताप आला, तर आधी तो दुवा उघडावा, बदल कोणी आणि कशाच्या आधारे केला हे पाहावे, आणि मग चावडीवर जाऊन विचारावे. राखणदाराला हिशोब द्यायची सवय तेव्हाच लागते, जेव्हा मागणारे रोज येतात.

(धागा समाप्त)